गरिबाच्या औषधपाण्याचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आम्ही समोर सतरंजीवर बसून ऐकावे, असाच आमचा आजवरचा शिरस्ता. आमचे शाळेतले शिक्षण कारखान्याच्या दाराशी संपले. पुढे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा आज इतिहास सांगावयास उभे राहिलो असलो, तरी हा इतिहास गरजेपोटी शोधलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. युनियनच्या कचेरीत माणसे पगाराचे भांडण घेऊन येतात, असा लोकांचा समज आहे. आमचा अनुभव निराळा. माणूस येतो तो पगाराची चिठ्ठी घेऊन, पण चहाचा कप रिकामा होईतो बोलणे आजारपणावर येते. घरात कोणी तरी अंथरुणाला खिळलेले असते, सावकाराचे पैसे अंगावर असतात, आणि पगाराचे भांडण त्याच्या पोटातून निघालेले असते.

एक गोष्ट सांगतो. १९९४ सालच्या पावसाळ्यातली आहे. नाशकातल्या एका कारखान्यात आमच्या शेजारच्या यंत्रावर सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा हंगामी कामगार होता. त्याचे वर्षाचे लेकरू पाड्यावर तापाने फणफणले, छाती उडू लागली. आई लेकराला पाठीशी बांधून ओढा ओलांडून उपकेंद्रावर गेली, तो दाराला कुलूप. तेथून ती बाजाराच्या गावी एका ‘डॉक्टर’कडे गेली. हा गृहस्थ कोठे शिकला होता हे कोणास ठाऊक नव्हते. त्याने सलाईन लावले, सुई टोचली, होते नव्हते तेवढे पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी लेकरू गेले. बाप येथे रात्रपाळीला होता. तो गावी जाऊन आला तेव्हा त्याचे चार खाडे लागले होते.

त्याच आठवड्यात आमच्या मुलालाही खोकला झाला होता. आम्ही पक्के कामगार, राज्य विमा योजनेचे कार्डवाले. गल्लीच्या तोंडाशी पॅनेलचा डॉक्टर बसत असे. गेलो, औषध आणले, मूल बरे झाले. दोघे एकाच शेडमध्ये राबत होतो. आम्ही त्या बापासाठी वर्गणी काढली, त्याच्या हातात पाकीट दिले, आणि आपण भले काम केले अशी समजूत करून घेतली. ती समजूत चुकीची होती हे कळावयास आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. आजचे व्याख्यान त्या चुकीचा हिशेब आहे, असे म्हटले तरी चालेल.

आमचा प्रश्न साधा आहे. गरीब माणूस आजारी पडला म्हणजे त्याला पहिल्याने भेटणारा शहाणा माणूस कोण? मोठी इस्पितळे, शस्त्रक्रिया, यंत्रे यांची गोष्ट पुढची. तापात, हगवणीत, बाळंतपणात पहिल्या दिवशी कोणापाशी जावयाचे, हा खरा प्रश्न. आणि या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

पूर्वी हा पहिला माणूस म्हणजे सुईण, वैदू, हाडे बसविणारा किंवा भगत. त्यांची टिंगल करणे आम्हांला आवडत नाही. त्यांच्या हातून माणसे दगावली हे खरे, परंतु ती हाकेच्या अंतरावर होती आणि रात्री उठून येत होती. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या गावी सिव्हिल हॉस्पिटल आले, मोठ्या गावी दवाखाने निघाले. त्यांचा उपयोग झाला तो बहुतांशी शहराला आणि सरकारी नोकराला. गिरणीतला कामगार आणि रानातला कुळवाडी यांच्याकडे सरकारचे लक्ष जाई ते साथ आली म्हणजे.

कामगाराच्या दुखण्याला कामगारांच्याच बाजूने प्रथम वाचा फोडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पुरा पगार द्यावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय करावी. रविवारची सुटी १८९० साली पदरात पडली. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा यावयास मात्र १९२३ साल उजाडले, म्हणजे एकोणचाळीस वर्षे गेली. आम्ही हा आकडा नव्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना सहा महिन्यांत निकाल हवा असतो.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने झडत्या घेतल्या, माणसे उचलून नेली, घरे रिकामी केली. लोक भिऊन आजारी माणसे लपवू लागले. त्या साथीत लोकांमध्ये वावरताना लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच वारले. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्चला, पुण्याकडे सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा डॉक्टर. त्याने हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगने तळमळत असल्याचे कळताच सावित्रीबाई स्वतः गेल्या, त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली.

हा प्रसंग आपण भाविकपणे ऐकतो आणि पुढे जातो. आम्हांला त्यातली व्यवस्था पाहण्यासारखी वाटते. दवाखाना होता, डॉक्टर होता, औषधही जे काय होते ते होते. तरीही त्या पोराला दवाखान्यापर्यंत आणणारे कोणी नव्हते. आणि त्या काळी महारवाड्यात पाऊल टाकून त्याला अंगावर घेणारा माणूस मिळणे दुर्मिळ होते. डॉक्टर व रोगी यांच्यामधले हे अंतर मैलांनी मोजता येत नाही.

ते कसे मोजावे याचा एक दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. १९२९ साली गांधीजींच्या ‘यंग इंडिया’त तो प्रसिद्ध झाला होता. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार होईना. बाईला वस्तीबाहेर आणले, तेव्हा त्याने तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला. आणि त्याच वाटेने तो परत गेला. बाई दगावली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २ मार्च १९३० रोजी, याच आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी देवळाच्या दारापुढे उभे होते. देवळाचे दार आणि दवाखान्याचे दार ही दोन वेगळी दारे आहेत असे मानणाऱ्यांनी तो तापमापक आठवावा.

बाबासाहेबांचे नाव आपण या विषयात फारसे घेत नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा तो पहिला कायदा होय. पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा निघाला. १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, १९५४ साली नागपूर आणि मुंबईला आली.

या योजनेचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. कामगार थोडी वर्गणी देतो, मालक त्याहून जास्त देतो. आजारी पडल्यावर औषधाबरोबर बुडालेल्या पगाराचाही काही भाग मिळतो. गरिबाला डॉक्टरच्या फीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बुडालेल्या रोजाचा धाक असतो. मुंबईसारख्या ठिकाणी वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना पॅनेलवर घेऊन, नोंदलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे वर्षाला ठराविक रक्कम देण्याची पद्धत पडली. सुया किती टोचल्या यावर पैसे नाहीत. तेव्हा फुकाच्या सुया टोचण्याचे कारणही नाही. योजनेत गैरसोयी पुष्कळ होत्या आणि आहेत. औषध नसते, रांगा असतात, कागद फिरत राहतात. त्याविरुद्ध आम्ही मोर्चे नेले आहेत. तरीही कामगाराच्या गल्लीत हक्काचा डॉक्टर बसविण्याचे काम ज्या थोड्या योजनांनी केले, त्यांत ही एक आहे.

परंतु दारावर पहारा होता. आरंभी कायदा फक्त विजेवर चालणाऱ्या, बारमाही, वीस किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांना लागू होता, आणि चारशे रुपयांपर्यंत वेतनवाल्यालाच त्यात घेत असत. पुढे ही बंधने सैल झाली. २०१७ पासून वेतनाची मर्यादा एकवीस हजार झाली. मात्र सिन्नरला घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया, मालेगावच्या लहान लहान खोल्यांतले माग चालविणारे, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत औषध फवारणारे पेठ-सुरगाण्याचे मजूर हे सारे मुळात कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिले. विडी कामगारांसाठी १९७६ साली वेगळा कल्याण निधी झाला, त्यातून दवाखाने निघाले. तो निधी ज्या उपकरावर चालत असे तो उपकरच २०१७ साली नव्या वस्तू व सेवा कराच्या वेळी बंद झाला. द्राक्षबागेतल्या मजुराच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

मग खेड्याचे काय? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन आराखडे तयार होते. एक भोर समितीचा, १९४६ चा. चाळीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, परिचारिका. आणि पुढेमागे दहा ते वीस हजार वस्तीला पंचाहत्तर खाटांचे केंद्र. दुसरा आराखडा राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचा. तिचे अध्यक्ष कर्नल साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या परळ भागातल्या हाफकिन संस्थेचे संचालक. त्यांच्या उपसमितीने सांगितले की, दर हजार वस्तीमागे गावातलाच एक माणूस थोडे शिक्षण देऊन आरोग्यसेवक म्हणून तयार करावा. एका आराखड्यात केंद्र बांधून लोकांनी तेथे यावयाचे होते, दुसऱ्यात माणूस तयार करून त्याने लोकांत राहावयाचे होते. वास्तविक दोन्ही हवे होते. सरकारने १९५२ पासून विकासगटांबरोबर केंद्रे काढावयास घेतली, तीही साठ हजारांपासून लाखापर्यंतच्या वस्तीमागे एक. सोखींचा हजारी माणूस कागदावर राहिला.

पुढे केंद्रे वाढली. सपाटीवर तीस हजारांना आणि आदिवासी भागात वीस हजारांना एक केंद्र, त्याखाली पाच आणि तीन हजारांना एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. इमारती उभ्या राहिल्या. पण ज्याला तेथे राहावयाचे त्याच्या घराचे, मुलांच्या शाळेचे, एकटेपणाचे काय, याचा विचार कमी झाला. खेड्यातल्या डॉक्टरला नुसते कामचुकार म्हणणे सोपे आहे. आमच्या नाशकात दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे; १९९८ साली ते स्थापन झाले आणि राज्यातल्या डॉक्टरांच्या पदव्या तेथून निघतात. तोच रस्ता पुढे वणीवरून सुरगाण्याकडे जातो. पदवी घेतलेली माणसे बहुतेक उलट दिशेने जातात. त्यांना त्या रस्त्याने पुढे जावेसे वाटेल असे आपण काय केले, हेही विचारले पाहिजे. आणि तो बाजारगावचा सुईवाला ‘डॉक्टर’ का चालतो? तो रात्री भेटतो, उधार ठेवतो, आदिवासी बाईशी तिच्या बोलीत बोलतो. नुसते छापे घालून तो जाणार नाही. त्याची जागा घेणारा कोणी तेथे बसवावा लागेल.

ही जागा कोणी घ्यावी, याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले. दुष्काळी मुलूख. लोकांनी आधी पाणी आणि धान्य मागितले, तेव्हा त्यांनी आरोग्याचे काम तेथूनच सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, म्हणून गावानेच निवडलेल्या बायका त्यांनी तयार केल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. ज्या बाईला विहिरीवर पाणी भरू देत नसत तिच्याच हाताने गावातल्या मुलांना औषध मिळू लागले, बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. काठेवाडच्या तापमापकाला याहून चांगले उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

पुढे १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत काम आरंभिले. लहान मुलांचा न्युमोनिया ओळखावयास यंत्र लागत नाही. मिनिटाला श्वास किती पडतात ते मोजावे. दोन महिन्यांवरच्या आणि वर्षाच्या आतल्या मुलाचे पन्नासांवर गेले, त्याहून मोठ्याचे चाळिसांवर गेले, की धोका. ज्यांना मोजता येत नाही अशा सुइणींसाठी त्यांनी मणी सरकवून मोजण्याचे साधन केले. गावातल्या माणसाने श्वास मोजून साधे तोंडावाटे घेण्याचे औषध दिले तरी मुले वाचतात, हे त्यांनी १९९० साली जगापुढे मांडले. नंतर एकोणचाळीस गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकविले. तेथे नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला.

श्रोतेहो, १९९० हे साल पुन्हा ध्यानात घ्यावे. सुरगाण्याचे ते लेकरू १९९४ साली गेले. त्याला झाले होते ते न्युमोनियाच असावे. औषध ठाऊक होते, श्वास मोजण्याची युक्ती आपल्याच राज्यात सिद्ध झाली होती, आणि तीन रुपयांची सोय नसलेला हा देश नव्हता. पाड्यावर मोजणारे माणूस नव्हते, एवढेच. आमची वर्गणी तेथे काय पुरी पडणार?

सरकारने हा प्रयत्न केलाच नाही असे नाही. २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावोगाव आरोग्यसेवक नेमण्याची योजना देशात सुरू झाली. महिना पन्नास रुपये मानधन. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, आल्मा-आटा येथे जगातल्या राष्ट्रांनी इसवी सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य देण्याची घोषणा केली. आपल्या योजनेचे काय झाले ते युनियनवाल्याने बारकाईने वाचावे असे आहे. आधी या माणसाचे नाव ‘आरोग्य कार्यकर्ता’ म्हणजे कामगार या अर्थाचे होते. थोड्याच वर्षांत ते बदलून ‘स्वयंसेवक’ झाले, आणि १९८१ साली ‘आरोग्य मार्गदर्शक’. नाव दोनदा बदलले. पन्नास रुपये तेच राहिले. कामगार म्हटले की त्याने नोकरीचा हक्क मागितला असता, हे उघड आहे. शेवटी योजना पाण्याअभावी वाळणाऱ्या झाडासारखी वाळून गेली.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ‘आशा’ आली: दर हजार वस्तीमागे गावातली एक बाई, आदिवासी भागात वस्तीगणिक. सोखींचा हजारी माणूस साठ वर्षांनी बाईच्या रूपाने अवतरला. जामखेड आणि गडचिरोली यांचे शहाणपण तिच्या पिशवीत आले. नवजात बाळाच्या गृहभेटी तिच्या कामात घातल्या गेल्या. पण १९७७ चे दुखणेही त्याच पिशवीतून आले. तिला सरकारने म्हटले मानद स्वयंसेविका. पगार नाही, कामागणिक मोबदला. पहाटे बाळंतिणीबरोबर गाडीत बसून जावे, दिवसभर इस्पितळाच्या व्हरांड्यात बसावे, आणि कागद बरोबर भरला तरच पैसे.

२०२० साली करोना आला. आपल्या जिल्ह्यात मालेगावने त्याचा पहिला जोराचा तडाखा सोसला. घरोघर जाऊन ताप मोजणारी, याद्या करणारी, दारे तोंडावर आपटली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणारी ती हीच बाई. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशांनी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. गौरवाने चूल पेटत नाही. २०२३ आणि २०२४ साली त्या पुन्हा रस्त्यावर आल्या, मुंबईच्या आझाद मैदानात थंडीत बसल्या, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्याने महिना पाच हजारांची वाढ दिली. अशा योजनांतल्या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावे, अशी शिफारस २०१३ सालच्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने केलेली आहे. शिफारस कागदावर आहे. लोखंड्यांच्या अर्जाचा एकोणचाळीस वर्षांचा हिशेब आम्ही मघाशी सांगितला तो याच कारणासाठी.

काही सद्गृहस्थ आम्हांला विचारतात, सेवा आणि पगार यांची सांगड कशी घालता? सावित्रीबाईंनी पगार घेतला होता काय? आम्ही नम्रपणे सांगतो, सावित्रीबाईंचे बलिदान ही आपल्या समाजाची शोभा आहे आणि शासनाची नामुष्कीही आहे. ज्या कामावाचून लेकरे मरतात ते काम बलिदानावर चालवू नये. बाईला पगार, शिक्षण, औषधाची भरलेली पेटी, वर उपकेंद्रात उघडे दार आणि त्याच्यावर केंद्रात राहणारा डॉक्टर, ही साखळी हवी. एकही कडी निसटली तर आशाबाई काय करणार? रोगी घेऊन ती कुलपापाशीच जाईल.

आणि आता आमच्या बिरादरीविषयी. आम्ही युनियनवाल्यांनी राज्य विमा योजनेसाठी झगडा केला, पॅनेलसाठी, औषधासाठी, खाटांसाठी केला. तो योग्यच होता. पण कंत्राटी आणि हंगामी माणसाची नोंद झाली की नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षे मालकाचे काम समजलो. द्राक्षबाग आमच्या कक्षेत नाही म्हणालो. पाडा तर आमच्या नकाशावरच नव्हता; आणि त्या पाड्यावरूनच आमच्या यंत्राशेजारी माणूस येत होता. आशांचा संप झाला तेव्हा किती कारखान्यांच्या दारावर पाठिंब्याच्या सभा झाल्या? फार थोड्या. हे आम्ही दुसऱ्या कोणाला बोल लावण्यासाठी सांगत नाही; त्या सभा न भरविणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्यानंतर आम्ही एक नेम केला आहे. नवा कामगार युनियनचा सभासद होतो तेव्हा त्याचे विम्याचे कार्ड आहे की नाही ते पाहतोच. शिवाय विचारतो, गावी घर कोठे, तुमच्या पाड्याची आशा कोण, उपकेंद्र उघडते काय. जे कळते ते वहीत लिहितो, आणि कुलपे जमली म्हणजे ती वही घेऊन कारखान्यातली व गावातली माणसे मिळून जिल्हा परिषदेत जातो. एका उपकेंद्राचे दार असे उघडले आहे. दोन अजून बंद आहेत. वही चालू आहे. येथे बसलेल्यांपैकी ज्यांचे गाव पेठ, सुरगाणा, कळवण किंवा इगतपुरीकडे असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर आमच्यापाशी थांबावे आणि आपल्या उपकेंद्राची नोंद द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.